मंगळूच्या सदऱ्यावरचा लाल गोळा

सापगावचा धनेश नोकरीला कसाऱ्याला, रेल्वेच्या सिग्नलखात्यात होता, पण मनाने तो कायम दुसऱ्या महायुद्धात असायचा. माणसं नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात. हा फौजी गणवेशांवरचे जुने बिल्ले जमवायचा. त्याचा फोनवर एक ग्रुप होता. पुण्यापासून दिल्लीपर्यंतचे हौशी लोक त्यावर फोटो टाकून विचारायचे, की हा बिल्ला खरंच लढाईतला आहे का कुण्या शिंप्याने गेल्या महिन्यात शिवलाय? धनेश फोटो मोठा करून एकेक टाका बघायचा, मागच्या बाजूचा फोटो मागवायचा आणि मग न्यायाधीशाच्या थाटात एकच शब्द लिहायचा. 'अस्सल', नाहीतर 'नक्कल'. तिसरा शब्द त्याच्या कोशात नव्हता.

"घरी आणलेली भेंडी जून का कवळी ते कळत नाय, नि निघालेत पलटणीचा माल पारखायला," असं त्याची बायको भाविका येता-जाता म्हणायची. भेंडीबद्दलचं तिचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे धनेश गप्प बसायचा.

एप्रिलमध्ये सासऱ्यांचा फोन आला. सासरे म्हणजे कमळूमामा. मुरबाडच्या पुढे, धसई रस्त्याला आत वळलं की उंबरवाडी लागते, तिथे त्यांची भातशेती. सत्तरी उलटलेला माणूस, फोनवर एरवी "बरं हाय, तुमचं?" याच्या पुढे जात नाही. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ बोलला.

भानगड अशी होती. उंबरवाडीच्या शाळेसमोर एक दगड बसणार होता. मोठ्या लढाईला गावातून जे गेले त्यांची नावं त्यावर कोरायची, आणि एक मे रोजी झेंडावंदनाच्या वेळी नारळ फोडायचा. नावं दोनच. एक धर्मा. तो ब्रह्मदेशात गेला तो तिकडेच राहिला, त्याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. दुसरा मंगळू, म्हणजे कमळूमामांचा बाप. तो परत आला, पन्नास वर्षं शेती केली आणि लढाईबद्दल चकार शब्द न काढता मेला. सरपंच स्नेहलने सगळ्यांना सारखाच नियम लावला होता, की प्रत्येक नावाला काहीतरी पुरावा हवा. मंगळूचे कागद वाळवीने खाल्ले होते. पदकं होती, पण ती कमळूमामांनी वयाच्या नवव्या वर्षी गोट्यांच्या डावात लावून घालवली होती, आणि हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही बारीक व्हायचा. उरला फक्त बापाचा फौजी सदरा. त्याच्या बाहीवर काळ्या चौकोनात लाल गोळ्याचा, म्हणजे ब्रह्मदेशात लढलेल्या फौजेचा, बिल्ला होता.

गावाजवळ फार्महाऊस असलेल्या एका मुंबईच्या गृहस्थाला असल्या गोष्टींचा शौक होता. त्याने तो सदरा बघितला, बाहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बिल्ला डुप्लिकेट आहे. आणि सदऱ्याचं काय, लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पातून असले सदरे ढिगाने विकले गेले." झालं. पुढच्या ग्रामसभेत धर्माच्या धाकट्या भावाची बायको जनाबाई उठली.

"लढाईत गेलेल्याच्या घरी सरकार पाकीट धाडतं," ती म्हणाली. "आमच्या घरी आलं. त्यात आमच्या भावजींचा बिल्ला व्हता. मंगळूकाकाच्या घरी काय आलं? तो कल्याणच्या गोदामात हमाली करत व्हता, असं आमची सासू सांगायची. धर्माच्या नावाला नाव लावायचं तर तेवढं तरी कायतरी दाखवा."

कमळूमामांना दाखवायला काही नव्हतं.

"जावयबापू, तुमी या नि बघा," फोनवर ते म्हणाले. "नाव नाय लागलं तरी चालंल. पण बाप खोटा व्हता असं कोण बोललं, तर मना ते घेऊन मरायला नको."

 धनेश म्हणाला, "मामा, रविवारी येतो." आणि लगेच त्याला भीती वाटली. अनोळखी माणसाला 'नक्कल' लिहून पाठवणं सोपं असतं. सासुरवाडीला कोंबडीचा रस्सा ओरपून, हात धुऊन, मग सासऱ्याला 'नक्कल' सांगायचं म्हणजे अवघड जागेचं दुखणं.

रविवारी दोघं मोटरसायकलवरून किन्हवलीमार्गे निघाली. धनेशच्या पिशवीत भिंग, चिमटा आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी होती. त्या बॅटरीवर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास होता. लढाईच्या काळातला सुती धागा नि लोकर त्या उजेडात काळी ठिक्कर राहतात, आणि नंतरच्या काळातला नायलॉनचा धागा मात्र लगेच निळापांढरा चमकतो. चोर पकडायला यापेक्षा सोपी युक्ती नाही, असं तो ग्रुपवर नवीन लोकांना नेहमी शिकवायचा.

बॅटरीला अंधार लागतो आणि कमळूमामांच्या नव्या स्लॅबच्या घराला चारी बाजूंनी खिडक्या होत्या. शेवटी म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं जाडजूड घोंगडं काढलं आणि जावई सदरा घेऊन त्याखाली शिरला. एप्रिलची दुपार, वर घोंगडं. बाहेर कमळूमामा हात जोडून बसावं तसे बसले होते. भाविका म्हणाली, "बाबा, वाफारा घेतायत ते. होतील बरे."

आत धनेशची पाचावर धारण बसली होती. सदरा हिरवट, चांगल्या विणीचा, बटणं त्या काळातली. उजेडात सगळा काळोख. सदरा अस्सल. पण बिल्ल्याभोवतीचा धागा दिव्यासारखा पेटला होता. त्याने भिंग लावलं. काळा चौकोन छत्रीच्या कापडाचा होता आणि लाल गोळा कुठल्याशा चोळीच्या खणाचा. ज्याने कुणी शिवला त्याचा हात छान होता, पण लढाईशी त्या बिल्ल्याचा काही संबंध नव्हता. मुंबईवाल्याने बोट फिरवून सांगितलं ते खरंच निघालं, याचा धनेशला फार राग आला.

"मामा, हा बिल्ला कुणी लावला?" त्याने घोंगड्यातूनच विचारलं.

"आईनं," बाहेरून उत्तर आलं. "शाळेत पंधरा ऑगस्टला बाबाला बोलावलं व्हतं तवा तिनं नीट करून दिला. मी तवा सातवीत असंन."

नीट करून दिला. म्हणजे त्याआधी काहीतरी होतं. धनेशने पुन्हा भिंग लावलं आणि आता पहिल्यांदा बिल्ल्याकडे न बघता बिल्ल्याच्या बाजूच्या कापडाकडे बघितलं. सदरा उन्हाने विटला होता, पण बिल्ल्याच्या वर आणि एका बाजूला बोटभर पट्टी गडद हिरवी राहिली होती. म्हणजे इथे पूर्वी याहून मोठा चौकोन होता, आणि तो ऊन खात खात बराच काळ तिथे होता. पट्टी नव्हती त्या खालच्या कोपऱ्यातला सैल टाका त्याने चिमट्याने उचलला. छत्रीच्या कापडाखाली नखाएवढा काळा तुकडा निघाला. जाड लोकरी बनातीचा, सुती दोऱ्याच्या पाच-सहा टाक्यांनी कापडाला घट्ट धरून बसलेला. तीन बाजूंनी जुना बिल्ला उसवून काढलेला होता आणि या कोपऱ्यातली गाठ सुटली नाही म्हणून ओढून फाडलेला. त्या तुकड्यावर बॅटरी मारली तर काळोख.

धनेश घोंगड्यातून बाहेर आला तेव्हा तो नुकता विहिरीतून काढल्यासारखा दिसत होता. "मामा, वरचा बिल्ला आईंचा," तो म्हणाला, "पण खाली खऱ्या बिल्ल्याचा तुकडा आहे. तुमचे बाबा गेले होते लढाईवर."

कमळूमामांनी डोळे मिटले आणि उघडले. मग म्हणाले, "मग खरा कुठं गेला?"

ते धनेशला माहीत नव्हतं. आणि नखाएवढ्या काळ्या तुकड्यावर स्नेहल सरपंचाचं समाधान होण्यासारखं नव्हतं. तो लाल गोळ्याच्या बिल्ल्याचाच आहे हे दाखवायचं तर शेजारी एखादा खरा बिल्ला ठेवून बघायला हवा. असा खरा बिल्ला गावात एकच होता.

जनाबाई ऐंशीला टेकलेली, पण ताठ. ओटीवर तांदूळ निवडत होती. सरपंच स्नेहलला भाविकाने वाटेतूनच बरोबर घेतलं होतं. कमळूमामा सदरा पिशवीत घालून मागे मागे आले आणि ओटीच्या कडेला बसले. जनाबाईने त्यांना पाणी दिलं. भांडण असलं तरी तहान वेगळी.

"बिल्ला बघायचाय?" ती धनेशला म्हणाली. "बिल्ला नाय तो. वीर हाय आमचा. भावजींचं मढं आलं नाय, राख आली नाय. सासूनं त्यालाच वीर म्हणून देव्हाऱ्यात बसवला. दर अवसेला हळदकुंकू, निवद. पाय धू, नि चामड्याचं काय असंल ते बाहेर काढ."

धनेशने पाय धुतले आणि कमरेचा पट्टा काढला. रेल्वेच्या नोकरीत त्याचं पोट आत गेलं होतं आणि पँट मात्र लग्नाच्या वेळची होती. त्यामुळे वीराच्या दर्शनाला तो एका हाताने पँट धरून गेला. भाविका पदर तोंडाला लावून हसली. सरपंच असूनही स्नेहलसुद्धा हसली.

देव्हाऱ्यात पितळी ताटलीत, देवांच्या टाकांशेजारी, वीर होता. काळ्या बनातीचा चौकोन आणि त्यावर लाल गोळा. ऐंशी वर्षांच्या हळदकुंकवाने त्यावर साय धरली होती. जनाबाईने देवघराचं दार लोटून घेतलं, अंधार झाला, आणि धनेशने बॅटरी लावली.

वीर भगभगून पेटला. पिवळाधमक, टोकापासून टोकापर्यंत.

धनेशच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

"काय झालं?" स्नेहलने विचारलं.

आता काय सांगणार? एका नावाचा पुरावा काढायला आलेला माणूस दुसऱ्याचंही नाव खोडून चालला होता. ऐंशी वर्षं निवद खाल्लेला वीर नक्कल. धनेशला वाटलं की बॅटरी, भिंग, ग्रुप, सगळं काळू नदीत टाकावं आणि फक्त भेंडी निवडत जन्म काढावा.

"अहो," अंधारात भाविका म्हणाली, "तुमचा हात बघा."

त्याने बघितलं. ताटली सरकवताना वीराला लागलेली त्याची दोन बोटंही तशीच पिवळी पेटली होती. भाविकाने बॅटरी त्याच्या हातातून घेऊन जनाबाईच्या कपाळावर धरली. कपाळही पेटलं. मग तिने देव्हाऱ्यावरून उजेड फिरवला तर खंडोबा पेटला, पाट पेटला, उंबरठाही पेटला.

"म्हणजे तुमची बोटं डुप्लिकेट, जनाकाकी डुप्लिकेट, खंडोबापण डुप्लिकेट," भाविका म्हणाली. "हळद हाय हो ती."

स्नेहल खो-खो हसली. जनाबाईला बॅटरीचं काही कळलं नव्हतं, पण जावई फजीत झाला एवढं कळलं, आणि तेवढ्यावर तीही हसली. धनेश सगळ्यात जास्त हसला, कारण त्याचा जीव भांड्यात पडला होता.

दार उघडून उजेडात आणल्यावर बॅटरीची गरज उरली नाही. बनात खरी होती. मागचं अस्तर खरं होतं. कडेला जुन्या सुती दोऱ्याचे तुकडे अजून लोंबत होते आणि त्यात सदऱ्याचा हिरवट तंतू अडकलेला होता. "अस्सल," धनेश म्हणाला. जनाबाईने मान हलवली, तिला हे विचारायचंच नव्हतं.

मग त्याची नजर खालच्या कोपऱ्यावर गेली. तो कोपरा नव्हता. फाटलेला होता, नखाएवढा.

"हा कोपरा?"

"आल्यापास्नं तसाच हाय," जनाबाई म्हणाली. "पाकिटातनं आला तसाच. सासू बोलायची, गोळी लागली असंल तिथं. तिथं हळद लावताना ती रडायची. मीपण तिथं बोट लावते आधी."

धनेशला काय दिसलं ते त्याला लगेच नको झालं. "जरा पाणी पिऊन येतो," असं म्हणून पँट धरून तो बाहेर आला आणि कमळूमामांना दंडाला धरून अंगणाच्या टोकाला, गोठ्यामागे घेऊन गेला.

"मामा," तो हळू आवाजात म्हणाला, "पलटण मेलेल्याच्या घरी पदक धाडते, कागद धाडते. फाटका बिल्ला धाडत नाही. तो बिल्ला कुणीतरी स्वतःच्या बाहीवरून काढून, पाकिटात घालून टपालात टाकलाय. आणि त्याचा कोपरा तुमच्या पिशवीत आहे."

कमळूमामांनी गोठ्याच्या कुडाला हात टेकवला. "हातात का नाय दिला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "कसा देणार. दोघं एकत्र गेलेले. ती आई इचारणार, तू आलास, माझा कुठं? तिच्यासमोर उभं राहवलं नसंल बाबाला."

"आता काय करायचं?"

"काय करायचं? वीर तिचा हाय." कमळूमामांनी डोळे पुसले, पण आवाज पक्का होता. "ऐंशी वर्षं तिथं दिवा लावलाय त्यांनी. तो माझ्या बापाचा हाय असं सांगून मना दगडावर नाव नको. बाबा गप बसला. मीपण बसंन."

"पण बाबांचं नाव..."

"मना कळलं ना? बास झालं."

धनेश परत ओटीवर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अस्सल आणि नक्कल यांच्या मधला एखादा शब्द हवा होता. स्नेहल वाट बघत होती. त्याने मामांच्या पिशवीतून सदरा काढला, मांडीवर पसरला आणि अडखळत सुरुवात केली.

"सदरा लढाईतला आहे. वरचा बिल्ला नंतर घरी शिवलाय. तो खोटेपणा नाही, जुना गेला म्हणून त्या जागी घातलेला आहे. आणि जुन्याचा हा एवढा तुकडा खाली राहिलाय." त्याने चिमट्याने छत्रीचं कापड उचलून दाखवलं. "हे कापड आणि काकींच्या वीराचं कापड एकच. दोरा एकच. म्हणजे मंगळूबाबा आणि धर्माबाबा एकाच पलटणीत होते. कल्याणच्या गोदामात हा बिल्ला मिळत नव्हता. माझ्या मते नाव लावायला हरकत नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी धनेशचे कान तापले.

"पुरे झालं मला," स्नेहल म्हणाली. "जनाकाकी, तुमची हरकत?"

जनाबाईने हात पुढे केला. "दाव," ती धनेशला म्हणाली. त्याने सदरा पुढे केला. तिने तो मांडीवर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि मग डोळे मिटून त्या नखाएवढ्या तुकड्यावर बोट टेकवलं. साठ वर्षं दर अवसेला जिथे बोट जायचं आणि खाली नुसती ताटली लागायची, त्या आकाराचा तो तुकडा होता. तिचं बोट त्याच्या फाटक्या कडेवरून एकदा गेलं, परत आलं आणि थांबलं. धनेशने मान खाली घातली. कमळूमामा तर भिंतीकडेच बघत होते.

"कमळू," जनाबाई म्हणाली, "तुला ठावं हाय?"

"आत्ता कळलं, वयनी. मघाशी."

"नि तू गप बसणार व्हतास."

 स्नेहल एकदा जनाबाईकडे, एकदा कमळूमामांकडे बघत होती, पण ती शहाणी बाई होती, तिने काही विचारलं नाही.

जनाबाई उठली. गुडघ्यावर हात देत आत गेली आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आली. सदऱ्यावरच्या त्या काळ्या तुकड्याला तिने आधी हळद लावली, मग कुंकू. 

"भर सभेत मी तुझ्या बापाला हमाल बोलली," ती म्हणाली. "आमच्या सासूला जगायला ज्यानं देव दिला त्याला." मग स्नेहलकडे वळून, "दोन्ही नावं लिव. जवळजवळ लिव, मधी जागा सोडू नको."

"बरं, काकी."

"उद्या अवस हाय," जनाबाई कमळूमामांना म्हणाली. "वीराला एक पान वाढायची, आता दोन वाढते. एक धर्माचं, एक मंगळूकाकाचं. निवदाला घरचा पुरुष लागतो. तू येशील ना जेवायला?"

कमळूमामांनी मान डोलावली. ते लहान पोरासारखे रडत राहिले, आणि जनाबाईने त्यांच्यापुढे पुन्हा पाण्याचा तांब्या ठेवला.